हाडांकडे पुरावा काय?

चिंतामणी केळुसकर यांनी बावीस वर्षांच्या नोकरीत माणसे फारशी पाहिली नव्हती. त्यांनी माणसांची वये पाहिली होती. फोर्टमधल्या एका विमा कंपनीच्या वय-पडताळणी विभागात ते बसत. अर्जावरची जन्मतारीख आणि दाखल्यावरची जन्मतारीख जुळली की लाल शाईने बरोबरची खूण, खाली 'तपासले' हा शब्द आणि सही. नाही जुळली की फाइल परत. एकदा एका वृद्ध गृहस्थाने आपला जन्म आंब्याच्या दिवसांत झाल्याचे आईकडून ऐकले आहे, असे सांगितले. चिंतामणरावांनी त्याला पाणी दिले, पंख्याखाली बसवले आणि फाइल परत केली. "माणसाची नावं दोन असू शकतात, घरं दोन असू शकतात," असे ते नव्या कारकुनांना सांगत, "वय एकच असतं."

अशा माणसाच्या घरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा मुलगा राजस रडवेला होऊन आला आणि म्हणाला, "बाबा, पथकवाले म्हणतात वयाचा पुरावा आण."

गिरगावातल्या त्यांच्या गल्लीत मंडळाचे ढोल पथक होते. गणपतीसाठी नवी भरती चालू होती आणि चौदा वर्षे पूर्ण ही अट होती. राजसला चौदा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. परंतु हे त्याच्या जन्मदाखल्याला माहीत होते, त्याच्या शरीराला कोणी कळवलेले दिसत नव्हते. नववीच्या वर्गात तो पहिल्या बाकावर बसे, कारण दुसऱ्या बाकावरून फळा दिसत नसे. त्याच्या मित्रांचे आवाज घोगरे झाले होते, दोघांना मिसरूड फुटले होते. राजसचा आवाज मात्र सकाळच्या रेडिओवरील बालगीतांच्या कार्यक्रमासारखा निर्मळ होता. घरचा फोन त्याने उचलला की पलीकडचा माणूस "वहिनी, साहेब आहेत का?" असे विचारी. अलीकडे त्याने फोन उचलणे सोडून दिले होते. ढोल मात्र त्याला सोडवत नव्हता. जेवणाच्या टेबलावर, उशीवर, आनंदीबाई आजीच्या पाठीवर, मिळेल तिथे त्याची बोटे ठेका धरत. आजी म्हणे, "वाजव हो, तेवढाच पाठीला आराम."

"पुरावा ना?" चिंतामणरावांनी चष्मा पुसला. इतक्या वर्षांत त्यांच्या कुटुंबाला त्यांच्या विशेष ज्ञानाची गरज प्रथमच भासत होती. त्यांनी जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचे प्रमाणपत्र आणि लसीकरणाचे पिवळे पुस्तक अनुक्रमणिकेसह एका फाइलमध्ये लावले. पथकप्रमुख यशोधन हा सव्वीस वर्षांचा, सौम्य स्वभावाचा तरुण होता. त्याने फाइल चाळली आणि दंडवत घालावा अशा स्वरात म्हणाला, "काका, कागद एक नंबर आहेत. पण हा पोरगा बघा आणि ढोल बघा. कमरेला बांधून चार तास चालायचं असतं. डॉक्टरचं पत्र आणा ना, की हा झेपवेल म्हणून. मग माझी काही हरकत नाही."

पत्र ही किरकोळ बाब होती. घरचे डॉक्टर ते दोन मिनिटांत देतील, या खात्रीने चिंतामणराव गेले. घरच्या डॉक्टरांनी राजसची उंची मोजली, मागच्या तीन वर्षांच्या नोंदी पाहिल्या, आणि पत्र दिले. पण ते परळच्या एका संप्रेरकतज्ज्ञ बाईंच्या नावे होते.

बातमी चाळीच्या गॅलरीत पोचायला जिन्याच्या पायऱ्या चढण्याइतकाच वेळ लागला. माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेले शेजारी दौलतराव दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"काय रे चिंतामणी, पोराक डॉक्टरकडे कशाक नेतस? तेका मोरी माशाचा सार घाल. आठ दिसांत आवाज बोटीच्या भोंग्यासारखो होतलो."

"दौलतकाका, हा संप्रेरकांचा प्रश्न आहे."

"संपलो खय? अजून सुरूच झालो नाय तर संपतलो कसो?"

तळमजल्यावरच्या कदमांनी दाराला लोखंडी दांडा लावून पोराने रोज दहा मिनिटे लोंबकळावे, असे सुचवले आणि दांडा स्वतःच आणून लावला. तो चिंतामणरावांच्या कपाळाच्या उंचीवर होता. राजस त्याला लोंबकळे; चिंतामणराव त्याच्यावर आपटत. आठवड्याभरात राजसची उंची तेवढीच राहिली आणि चिंतामणरावांच्या कपाळाची किंचित वाढली. समोरच्या काकूंनी ओठांवर रिकामा वस्तरा फिरवण्याचा उपाय सांगितला. राजसची आई वैशाली शाळेत विज्ञान शिकवत असे, ती म्हणाली, "अहो, आता कुणाचं काही ऐकू नका. डॉक्टरांचं ऐका, आणि मुख्य म्हणजे पोराला ऐकू जाईल असं काही बोलू नका." चिंतामणरावांनी तिचे ऐकायचे ठरवले, आणि तेही गॅलरीत उभे राहून मोठ्याने जाहीर केले.

परळच्या डॉक्टर मेघना बारीक अंगाच्या, शांत बाई होत्या. त्यांनी राजसला तपासले आणि मग वडिलांशी न बोलता त्याच्याशीच बोलायला लागल्या. ही गोष्ट चिंतामणरावांना पद्धतीला सोडून वाटली.

"राजस, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो. लहानपणी तो गप्प असतो. मग एक दिवस तो संदेश सोडायला लागतो, पहिल्यांदा फक्त झोपेत. तो संदेश पिट्युटरी ग्रंथीला मिळतो. ती पुढे दोन संप्रेरकं वृषणांकडे पाठवते, तिथे टेस्टोस्टेरॉन तयार व्हायला लागतं, आणि मग उंची, आवाज, मिसरूड, सगळं रांगेनं येतं."

"म्हणजे मुख्य कार्यालय, विभागीय कार्यालय, मग शाखा," चिंतामणराव म्हणाले. "आणि फाइल मुख्य कार्यालयात अडकली आहे."

"अडकलेली नाही. टेबलावर आहे. क्रमांक आला की खाली येईल." बाई पुन्हा राजसकडे वळल्या. "गंमत म्हणजे तो संदेश सतत सोडून चालत नाही. सतत सोडला तर पिट्युटरी ऐकायचंच बंद करते. थोडा सोडायचा, थांबायचं, पुन्हा सोडायचा."

राजसने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे ठेक्यात?"

"अगदी ठेक्यात."

"मग तो चुकत नाहीये ना माझा? उशिरा सुरू होतोय फक्त?"

"तेच बघायचं आहे," बाई म्हणाल्या आणि चिंतामणरावांकडे वळल्या. "तुमचा आवाज कितव्या वर्षी फुटला?"

या प्रश्नाची चिंतामणरावांनी तयारी केलेली नव्हती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "वेळेवर."

"वेळेवर म्हणजे?"

"नियमाप्रमाणे."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले. ते उलटे वाचता येईना. मग त्यांनी सकाळी आठला द्यायची रक्ततपासणी आणि डाव्या हाताचा एक्स-रे लिहून दिला. हाताच्या हाडांवरून शरीराचे वय कळते, असे त्या म्हणाल्या. चिंतामणरावांना हे ऐकू आले होते. परंतु त्यांनी ते अलंकारिक अर्थाने घेतले.

एक्स-रे दादरच्या एका केंद्रात काढला. रिसेप्शनवरच्या सलोनी नावाच्या मुलीने राजसकडे पाहून वयाच्या रकान्यात अंदाजे अकरा लिहिले. चिंतामणरावांनी जन्मदाखला काढून ते चौदा वर्षे चार महिने करून घेतले, आणि एक नागरी कर्तव्य पार पडले या समाधानात घरी आले. दोन दिवसांनी अहवाल मिळाला. त्यात लिहिले होते: 'जन्मवय: १४ वर्षे ४ महिने. हाडांचे वय: १२ वर्षे ६ महिने.'

चिंतामणरावांनी तो कागद केंद्राच्या दारातच तीनदा वाचला. एका माणसाची दोन वये, एका कागदावर, एकाखाली एक, त्याखाली सही आणि शिक्का. ते परत आत गेले.

"यात तफावत आहे."

"कुठे, काका?"

"इथे चौदा, इथे साडेबारा. कुठलं खरं?"

"दोन्ही खरी आहेत काका. एक तुम्ही सांगितलेलं, एक हाडांनी सांगितलेलं."

"माझ्याकडे जन्मदाखला आहे. हाडांकडे पुरावा काय?"

सलोनीने आयुष्यात प्रथमच हाडांची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला, पण चिंतामणरावांच्या मागे आठ माणसे उभी होती. "काका, अर्ज द्या," ती म्हणाली. हा शब्द ऐकताच चिंतामणरावांना आपण सुसंस्कृत जगात असल्याची खात्री पटली. त्यांनी विषय लिहिला: 'एकाच व्यक्तीच्या दोन वयांबाबत.' खाली दीड पान. शेवटी: 'तरी दोन्ही वये एकच करून मिळावीत, ही विनंती.' आठवड्यात ते तीनदा चौकशीला गेले. दुसऱ्या वेळी सलोनी त्यांना पाहून जेवायला गेली. तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. तिसऱ्या वेळी तिने हसतमुखाने नवा, सुधारित अहवाल हातात ठेवला.

चिंतामणरावांनी चष्मा लावला. डाव्या रकान्यातून नजर उजव्या रकान्यात गेली, उजव्यातून डाव्यात. जुळत होते. बावीस वर्षे ज्या हाताने जुळले की खूण केली होती, त्या हाताने खिशातून लाल पेन काढले, खूण केली, 'तपासले' लिहिले आणि सही ठोकली. आकडे काय आहेत हे पाहण्याचे काम त्या हाताकडे कधीच नव्हते.

दुसऱ्याच दिवशी सरावाच्या मैदानावर, शाळेच्या आवारात, ते राजसला घेऊन यशोधनपुढे उभे राहिले. आजूबाजूला तीस-चाळीस मुले ढोल ताणत होती. डॉक्टर मेघनांनी पहिल्या भेटीतच दिलेले, ढोल झेपण्याबद्दलचे छापील पत्रही होते. पण फाइलमध्ये सर्वांत वर, अभिमानाने, सुधारित अहवाल होता.

यशोधनने तो वाचला. पुन्हा वाचला. "काका," तो हळूच म्हणाला, "यात तर बारा वर्षं सहा महिने लिहिलंय. दोन्हीकडे."

"दोन्हीकडे एकच आहे ना?"

"हो. बारा."

चिंतामणरावांनी कागद घेतला. जन्मवय: बारा वर्षे सहा महिने. हाडांचे वय: बारा वर्षे सहा महिने. केंद्राने विनंती मान्य केली होती. वये एकच केली होती.

"ही चूक आहे," ते म्हणाले.

"पण काका, खाली तपासले म्हणून तुमचीच सही आहे. आधीचे कागद बघून मी हो म्हणणार होतो. आता मंडळातले लोक विचारतील ना, की जन्मदाखला खरा की हा खरा. यंदा राहू द्या."

मागून कोणीतरी "अरे, बारावाला आला!" असे म्हटले. दोघे हसले. राजस मैदानातून बाहेर पडला, आणि घरी येईपर्यंत वडिलांच्या चार पावले पुढे चालत राहिला. त्या दिवसापासून टेबलावरचा ठेका थांबला. आजीच्या पाठीवरचाही थांबला. "पोराचा हात दुखतो काय रे, चिंतू?" आनंदीबाईंनी विचारले.

त्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत पथक त्यांच्या दारावरून गेले. सगळी चाळ गॅलरीत होती. राजस आतल्या खोलीत गणित करत बसला. चिंतामणराव दाराच्या चौकटीतच उभे होते. ढोल वाजायला लागले तशी कदमांच्या दांड्यावर त्यांचे कपाळ टेकले, आणि आपण उंचीने तेवढेच आहोत हे त्यांना उगाचच जाणवले. आपल्या खुणेने आजवर कोणाकोणाचे काय अडले असेल, असा प्रश्न त्यांना नोकरीत प्रथमच पडला. त्यांनी तो तातडीने बाजूला सारला, पण तो दांड्याप्रमाणे पुन्हा पुन्हा कपाळावर येत राहिला.

दिवाळीनंतर डॉक्टर मेघनांनी पुन्हा बोलावले. या खेपेला आनंदीबाई हट्टाने बरोबर आल्या. नातवाच्या प्रकरणात आपल्याला अंधारात ठेवले जात आहे, असे त्यांचे मत होते. डॉक्टरांनी मूळ अहवाल मागितला. सुधारित अहवालाकडे त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि तो, एखादी दुर्मीळ वस्तू ठेवावी तसा, बाजूला ठेवला.

"राजस, हाडं जन्मतारखेपेक्षा दोनएक वर्षं मागे आहेत. पण रक्तात संदेश दिसायला लागले आहेत. तुझा ठेका सुरू झालाय, अगदी हळू. बहुतेक तू उशिरा फुलणाऱ्यांपैकी आहेस, आजारी नाहीस. पण बहुतेक हा शब्द मला काढायचा आहे. अशा मुलांच्या घरात बहुधा आणखी कोणीतरी उशिरा वयात आलेलं असतं. म्हणून पुन्हा विचारते." त्यांनी चिंतामणरावांकडे पाहिले. "तुमचा आवाज कितव्या वर्षी फुटला?"

"सांगितलं ना. नियमा..."

"नियमाप्रमाणे कसला?" आनंदीबाई म्हणाल्या. "दहावीचं वर्ष संपेपर्यंत मी याचं बेस्टचं अर्धं तिकीट काढत होते!"

चिंतामणराव खुर्चीत पुढे सरकले.

"आई."

"आई काय, आई? कंडक्टर विचारायचा, मुलगा कितवीत? मी म्हणायचे, सातवीत. हा मान खाली घालून पाढे म्हणायचा, खरं वाटावं म्हणून. शाळेचं ओळखपत्र माझ्या पिशवीत. आणि बाई, निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला, दारातून 'आई, पास झालो' म्हणाला, तर मी आतून ओरडले, पोस्टमनदादा, पत्र खाली ठेवा म्हणून! आदल्या दिवसापर्यंत कोकिळा होता हा."

राजसने वडिलांकडे पाहिले. मग आजीकडे. मग पुन्हा वडिलांकडे. आणि मग तो इतका हसला की डॉक्टरांच्या टेबलावरचा मेंदूचा प्लास्टिकचा नमुना हलला.

"सोळा वर्षं," डॉक्टर लिहीत म्हणाल्या. "छान. मला हाच पुरावा हवा होता. औषध काही नाही. सहा महिने थांबू. पुढच्या उन्हाळ्याच्या आत बराच फरक दिसावा." त्यांनी कागद पुढे सरकवला. कौटुंबिक माहितीच्या रकान्यात लिहिले होते: 'वडील उशिरा वयात आले: होय.' "इथे सही करा."

'वयात आले' हे शब्द चिंतामणरावांनी आजवर फक्त मुलींच्या संदर्भात, आणि तेही बायकांच्या कुजबुजीतच ऐकले होते. आपल्या नावापुढे ते छापील अक्षरांत पाहताना त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी लाल पेन काढले, ते परत ठेवले, डॉक्टरांचे निळे पेन मागून घेतले. मग सगळा मजकूर पहिल्या अक्षरापासून वाचला आणि सही केली.

परतताना बस मिळाली. कंडक्टरने राजसकडे पाहून विचारले, "दोन फुल, एक हाफ?"

"तीन फुल," चिंतामणराव म्हणाले. "तिन्ही फुल."

"तू का ओरडतोयस?" आनंदीबाईंनी विचारले.

राजस खिडकीपाशी बसला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला पण चिडवायचे?"

"स्नेहसंमेलनात तीन वर्षं मला मुलीचंच काम दिलं होतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

चिंतामणरावांनी बराच विचार केला. "चांगलं केलं. बक्षीस मिळालं."

राजस पुन्हा हसला. लालबागच्या पुढे कुठेतरी त्याची बोटे खिडकीच्या गजावर पडू लागली. थोडी पडत, थांबत, पुन्हा पडत. आनंदीबाईंनी न बोलता आपली पाठ त्याच्याकडे वळवली.

फेब्रुवारीत पाडव्याच्या शोभायात्रेसाठी पथकाची नवी नोंदणी सुरू झाली. चिंतामणराव कार्यालयातून थेट मैदानावर गेले. राजस त्यांच्या मागे होता. त्याने त्यांना न येण्याबद्दल दोनदा सुचवले होते. चाळीस मुलांसमोर, ढोल थांबलेले असताना, चिंतामणराव यशोधनला म्हणाले, "मागच्या वर्षी मी एका कागदावर तपासले असं लिहिलं. मी तपासलं नव्हतं. आकडे जुळतात एवढंच बघितलं. माझा मुलगा किती वर्षांचा आहे हे मी वाचलं नाही. चूक कागदाची नव्हती, माझी होती. याचं वय पंधरा आहे. डॉक्टरांचं पत्रही आहे." बावीस वर्षांत त्यांनी असंख्य चुका काढल्या होत्या, मान्य केलेली ही पहिलीच. तिचा आवाज त्यांना अनोळखी वाटला.

यशोधन क्षणभर गोंधळला. मग त्याने वही काढली. "बस काय, काका. एवढं कोण बोलतं. घेतला त्याला. मधल्या रांगेत, छोटा ढोल. जमलं तर पुढच्या वर्षी मोठा." तो मुलांकडे वळला. "चला, हजेरी! नवे पण बोलतील. आकांक्षा?"

"हजर!"

"निलेश?"

"हजर!"

"राजस केळुसकर?"

राजसने छाती भरून श्वास घेतला. "ह..." हा पहिला अर्धा भाग कोठल्या तरी खोल विहिरीतून, जाड आणि खरखरीत, वर आला; आणि "...जर!" हा दुसरा भाग शिट्टीसारखा उंच जाऊन शाळेच्या पत्र्यावर आपटला.

मग सगळी मुले हसली, पण या वेळी राजसही त्यांच्यात होता, आणि कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून "आला रे, आला!" असे ओरडले.

चिंतामणरावांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला होता. एकाच शब्दात दोन वये त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती, आणि ती अजिबात जुळत नव्हती. त्यांनी पेन खिशातच राहू दिले. कोपऱ्यातल्या बाकावर ते जाऊन बसले, आणि फाइल मांडीवर पालथी ठेवून, दोन बोटांनी तिच्या पाठीवर हळूहळू ठेका धरू लागले.